बंद पडलेल्या धावपट्टीचा इतिहास कसा लिहावा: खानदेशासाठी कामाची पद्धत

शहराबाहेरची धावपट्टी ओस पडली की तिच्याबद्दल दोन-तीन वाक्यंच उरतात. इंग्रजांनी बांधली, अमुक पुढाऱ्याचं विमान उतरलं होतं, मग बंद पडली. यातल्या पहिल्या वाक्याला पुरावा नसतो, दुसऱ्याला साल नसतं आणि तिसऱ्याचा अर्थच ठरलेला नसतो. या तीन वाक्यांच्या जागी कागदाच्या आधारावर उभा राहील असा इतिहास कसा तयार करायचा, त्याची ही पद्धत. उदाहरणं जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतली आहेत, कारण तिथली दप्तरं कशी लावलेली असतात यावर निम्मं काम अवलंबून असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की धरा. धावपट्टी हा आधी जमिनीचा विषय आहे, मग विमानांचा. विमानं येऊन गेली, त्यांची नोंद राहिली असेल किंवा नसेल. शेतकऱ्याची जमीन मात्र कागदाशिवाय सरकारकडे जात नाही, आणि तो कागद आजही तालुक्याला कुठेतरी आहे. म्हणून विमानांच्या गोष्टींपासून सुरुवात करू नका, सातबाऱ्यापासून करा.

‘बंद’ कशाला म्हणायचं

विमानतळ एका दिवशी बंद झाला असं क्वचितच होतं. किमान चार तारखा वेगवेगळ्या शोधाव्या लागतात: वेळापत्रकातली शेवटची फेरी, कुठल्याही विमानाचं शेवटचं उतरणं, परवाना किंवा ताबा सुटल्याची तारीख, आणि जमीन दुसऱ्या कामासाठी वापरायला लागल्याची तारीख. बर्लिनच्या टेंपलहोफ विमानतळावरून ३० ऑक्टोबर २००८ ला विमानं थांबली, मे २०१० मध्ये ते मैदान लोकांसाठी उघडलं आणि तिथे बांधकाम करू नये असा कौल मतदारांनी मे २०१४ मध्ये दिला. हैदराबादच्या बेगमपेठहून प्रवासी वाहतूक मार्च २००८ मध्ये शमशाबादला गेली, पण धावपट्टी वापरातून गेली नाही. उलट शिकागोच्या मेग्ज फील्डचा शेवट एका रात्रीत झाला: ३० मार्च २००३ च्या मध्यरात्रीनंतर महापौरांच्या आदेशावरून बुलडोझरने धावपट्टीवर मोठ्या फुल्या खोदल्या गेल्या. असा स्वच्छ शेवट आपल्याकडे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

जळगावचा क्रम पाहिला की हे लगेच पटतं. सार्वजनिक बांधकाम विभागाने १९७३ मध्ये धावपट्टी केली, १९९७ मध्ये ती नगरपालिकेकडे गेली, २००७ मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे. २०१० मध्ये नव्या कामाची पायाभरणी, २३ मार्च २०१२ ला राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते उद्घाटन. उद्घाटनानंतरही नियमित प्रवासी सेवा आली ती डिसेंबर २०१७ मध्ये, छोट्या शहरांना विमानसेवेने जोडणाऱ्या केंद्र सरकारच्या उडान योजनेतून. ती थांबली, सप्टेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीने सुरू केली, तीही थांबली, आणि २०२४ मध्ये पुन्हा विमानं सुरू झाली. या सगळ्या काळात ‘जळगावचा विमानतळ बंद आहे’ हे वाक्य कितीदा खरं होतं आणि कितीदा खोटं, ते ज्या त्या वर्षावर अवलंबून आहे. म्हणून आपल्या मजकुरात ‘बंद’ हा शब्द एकटा लिहू नका. काय बंद झालं ते सोबत लिहा.

प्रशिक्षणाची उड्डाणं हाही एक सापळा आहे. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरला वैमानिकांचं प्रशिक्षण चाललेलं आहे. अशी उड्डाणं कुठल्याही प्रवासी वेळापत्रकात दिसत नाहीत. वेळापत्रक कोरं म्हणून धावपट्टी मोकळी, असा निष्कर्ष काढला की चूक ठरलेली.

जमिनीचे कागद

पहिलं काम, धावपट्टी आज कोणत्या गटांत आहे ते काढणं. महाभूनकाशा या सरकारी गाव नकाशांच्या संकेतस्थळावर गाव निवडा, धावपट्टीवरून बोट फिरवत जा आणि ज्या ज्या गटांना ती छेदते ते सगळे क्रमांक लिहून घ्या. धावपट्टी बऱ्याचदा दोन गावांच्या शिवेवर असते, तेव्हा शेजारचं गावही बघा. मग प्रत्येक गटाचा आजचा गाव नमुना ७ आणि ८-अ काढा. भोगवटादाराच्या रकान्यात ‘महाराष्ट्र शासन’, एखादा विभाग किंवा कंपनीचं नाव दिसेल. काही गटांवर मूळ शेतकऱ्याचंच नाव अजून दिसेल. यावरून जमीन घेतली नव्हती असं समजू नका. संपादन झालं, पैसे दिले गेले, पण फेरफार (मालकी बदलल्याची नोंद) ओढायचा राहिला, असं सरकारी संपादनात पुष्कळ ठिकाणी झालेलं आहे.

आता मागे जायचं. सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या नावाजवळ वर्तुळात फेरफार क्रमांक असतो. तो फेरफार म्हणजे गाव नमुना ६ मधली नोंद. ती काढली की तिच्यात भूसंपादन निवाड्याचा (कोणती जमीन घेतली आणि मोबदला किती, हे ठरवणाऱ्या आदेशाचा) क्रमांक आणि तारीख मिळते. जुने हस्तलिखित सातबारा आणि फेरफार स्कॅन करून आपले अभिलेख या संकेतस्थळावर टाकलेले आहेत. तिथे गाव सापडलं नाही, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. अर्जात गाव, गट क्रमांक, जुना सर्व्हे क्रमांक आणि कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतचा उतारा हवा ते स्पष्ट लिहा. ‘सर्व जुने कागद द्यावेत’ असं लिहिलेला अर्ज परत येतो.

इथे सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सर्व्हे क्रमांक आणि गट क्रमांकाचा. एकत्रीकरण योजना गावाला लागू झाली तेव्हा जुन्या सर्व्हे क्रमांकांचे गट झाले. योजना गावोगावी वेगवेगळ्या वर्षी झाली. त्यामुळे निवाड्यात सर्व्हे नंबर ४७ असेल तर आजचा गट नंबर ४७ म्हणजे तीच जमीन, असं मुळीच नाही. दोन्ही कदाचित गावाच्या दोन टोकांना असतील. जुळवणीसाठी भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून एकत्रीकरणाचे ९(३) आणि ९(४) चे उतारे घ्या आणि एका कागदावर दोन रकाने करून सगळे क्रमांक समोरासमोर मांडा. हा तक्ता झाल्याशिवाय पुढचा एकही आकडा लिहू नका.

दुसरा घोटाळा क्षेत्राचा. जुन्या कागदात क्षेत्र एकर-गुंठ्यांत असतं, नंतरच्या कागदात हेक्टर-आरमध्ये. १२-२० असं लिहिलेलं दिसलं तर ते बारा पूर्णांक वीस नव्हे. बारा एकर वीस गुंठे, म्हणजे साडेबारा एकर, म्हणजे ५.०६ हेक्टर. चाळीस गुंठ्यांचा एकर. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौकोन, १०८९ चौरस फूट. जुन्या मोजणीची साखळीही ३३ फुटांचीच होती आणि तिचे सोळा आणे पडत. मोजणीच्या टिपण बुकात किंवा जमिनीच्या वाटण्या दाखवणाऱ्या फाळणी नकाशात ‘६ सा. ४ आ.’ असं दिसलं तर ते सव्वासहा साखळ्या, सुमारे २०६ फूट.

मग निवाडा. या धावपट्ट्यांची जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घेतलेली असते (नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू आहे). त्या कायद्यात कलम ४ ची प्राथमिक अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, कलम ९ च्या नोटिसा आणि कलम ११ चा निवाडा असा क्रम आहे. तातडीचं कलम १७ लावलं असेल तर निवाड्याच्या आधीच ताबा घेतलेला असू शकतो. कलम ४ आणि ६ च्या अधिसूचना शासकीय राजपत्रात छापल्या जात. खानदेशासाठी नाशिक विभागीय पुरवणी चाळायची. अधिसूचनेत ‘सार्वजनिक प्रयोजन’ लिहिलेलं असतं. ते शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या. प्रयोजन विमानतळाचं होतं की केवळ धावपट्टीचं, यावरून सरकारच्या डोक्यात त्या वेळी काय होतं ते कळतं.

निवाड्यापेक्षाही मोलाचा कागद पुढचा आहे, आणि त्याकडे फारसं कुणी जात नाही. मोबदला कमी वाटला तर शेतकऱ्याला कलम १८ खाली न्यायालयाकडे संदर्भ मागता येत असे. हे भूसंपादन संदर्भ जिल्ह्याच्या दिवाणी न्यायालयात चालले, आणि अपिलं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेली असतील. जमिनीचा भाव ठरवायचा म्हणून या निकालपत्रांत जमिनीचं बारकाईनं वर्णन येतं: काळी की मुरमाड, विहीर किती खोल, किती झाडं, गावठाणापासून अंतर, शहराच्या हद्दीपासून अंतर, कलम ४ ची तारीख, ताब्याची तारीख, एकरी भाव काय दिला आणि काय मागितला. धावपट्टी होण्याआधी तिथे काय होतं याचं इतकं चांगलं चित्र दुसरीकडे मिळत नाही. निवाड्यात ज्यांची नावं आहेत त्यांच्या कुटुंबांकडे या निकालांच्या प्रती ट्रंकेत जपून ठेवलेल्या असतात. आदराने विचारा, प्रत तिथेच बसून फोटो काढून घ्या, मूळ कागद घरी नेऊ नका. लेखात शेतकऱ्यांची नावं घालायची गरज नाही, गट क्रमांक पुरेसा आहे.

ताबा नेमका कधी गेला हे तपासायला नमुना १२ वापरा. तो पिकांचा. वर्षावर वर्ष कापूस, ज्वारी, भुईमूग असं लिहिलेलं दिसेल आणि एका वर्षी ‘पड’ येईल. निवाड्याची तारीख आणि शेवटच्या पिकाचं वर्ष यांत दोन-तीन वर्षांचं अंतर पडलं, तर कागदावर जमीन गेल्यानंतरही शेतकरी ती कसत होता असं समजतं. मात्र पीकपाहणी काही वेळा शेतात न जाता मागच्या वर्षाची नक्कल करून भरली जात असे. म्हणून एकाच गटावर विसंबू नका, लागून असलेले चार-पाच गट बघा. सगळीकडे पीक एकाच वर्षी थांबलं असेल तर ते साल धरायला हरकत नाही.

क्षेत्र जुळतं का ते हिशेबाने तपासा. समजा धावपट्टी १२०० मीटर लांब, ३० मीटर रुंद आहे. नुसतं डांबर ३.६ हेक्टर, म्हणजे जेमतेम नऊ एकर. पण धावपट्टीभोवती मोकळा पट्टा लागतो. तो एकूण १५० मीटर रुंद आणि दोन्ही टोकांना ६०-६० मीटर जास्त धरला तर १३२० गुणिले १५०, म्हणजे १९.८ हेक्टर, सुमारे ४९ एकर. निवाड्यात ५०-६० एकर आणि जागेवर नऊ एकर डांबर दिसलं तर उरलेल्या जमिनीचं ‘काय झालं’ म्हणून लगेच आरोप करू नका. मोजल्यावरही मोठा फरक राहिला, तर कमी-जास्त पत्रक मागवा. संपादनानंतर गटाच्या क्षेत्रात काय वजा झालं, काय उरलं हे त्यात असतं.

नकाशे आणि आकाशातून काढलेली चित्रं

‘इंग्रजांच्या काळातली’ हा दावा इथे निकालात निघतो.

सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे घ्या. जळगाव शहर २१ अंश अक्षांशावर बसलेलं असल्याने एका नकाशात मावत नाही: शहराचा बराचसा भाग ४६ ओ/१२ या क्रमांकाच्या नकाशामध्ये आणि त्याच्या दक्षिणेकडचा भाग ४६ पी/९ मध्ये येतो. धुळे ४६ एल मध्ये आहे, पण ७४ अंश ४५ मिनिटांची रेषा शहराच्या पश्चिमेला अगदी जवळून जाते, म्हणून ४६ एल/१३ बरोबर ४६ एल/९ ही घ्या. एकच नकाशा बघून ‘दाखवलेली नाही’ म्हणणाऱ्यांची चूक बहुधा इथेच झालेली असते.

नकाशाच्या समासात दोन सालं असतात, मोजणीचं आणि छपाईचं. पुरावा मोजणीच्या सालाचा धरायचा. १९७० च्या दशकात छापलेल्या नकाशाची मोजणी त्याआधी बरीच वर्षं झालेली असू शकते, त्यामुळे त्यात धावपट्टी नाही म्हणजे छपाईच्या साली ती नव्हती असं सिद्ध होत नाही. शिवाय सुरक्षेच्या कारणाने काही आवृत्त्यांत विमानतळ दाखवत नसत. अमेरिकी लष्कराने १९५० च्या दशकात छापलेली भारताची अडीच लाखाला एक प्रमाणाची यू-५०२ मालिका टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात मोफत बघता येते. तिच्यात त्या वेळी माहीत असलेले विमानतळ चिन्हाने दाखवलेले आहेत. महायुद्धातली धावपट्टी असेल तर ती इथे दिसण्याची शक्यता चांगली.

त्यानंतर उपग्रह. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांची जुनी चित्रं आता खुली आहेत: कोरोना मालिका १९६० ते १९७२ आणि हेक्सागॉन १९७१ ते १९८४. यूएसजीएस या अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या अर्थ एक्स्प्लोरर संकेतस्थळावर खातं उघडा, आपल्या गावावर चौकोन काढा, डीक्लासिफाइड डेटा हा संच निवडा आणि ढग नसलेल्या तारखा बघा. आधी कुणी स्कॅन करून घेतलेली चौकट फुकट उतरवता येते, नाहीतर एका चौकटीचे ३० डॉलर लागतात. कोरोनाच्या शेवटच्या कॅमेऱ्यात सुमारे दोन मीटरपर्यंतच्या वस्तू ओळखू येतात, तेव्हा ३० मीटर रुंद पट्टी स्पष्ट दिसते. खानदेशात पावसाळ्यातली चित्रं ढगांमुळे वाया जातात. नोव्हेंबर ते मार्चमधली घ्या. पण एक धोका लक्षात ठेवा: काळ्या जमिनीतली नांगरट झालेली लांब शेतं आणि पाटाच्या कडा कधी कधी हुबेहूब पट्टीसारख्या दिसतात. दोन वेगळ्या तारखांच्या चित्रांत तीच रेघ तशीच असेल, आणि तिची टोकं चौकोनी असतील, तरच धावपट्टी म्हणा.

लँडसॅट १९७२ पासून आहे, पण सुरुवातीच्या चित्रात एक ठिपका ८० मीटरच्या आसपासचा. तीस मीटरची पट्टी त्यात विरून जाते. १९८२ पासून ३० मीटरच्या ठिपक्याची चित्रं येऊ लागली, तेव्हा जेमतेम एक रेघ दिसते. बांधकाम कधी झालं हे ठरवायला लँडसॅट वापरू नका. आजूबाजूला वस्ती कधी वाढली हे बघायला ते उत्तम आहे. अलीकडच्या वीस वर्षांसाठी गुगल अर्थमधला घड्याळाचा खटका दाबून मागे जात राहा.

गाव नकाशा आणि उपग्रह चित्र एकावर एक बसवायचं असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं मोफत सॉफ्टवेअर वापरा. किमान आठ ठिकाणं जुळवा: जुन्या विहिरी, शिवेचे दगड, देवळं, रेल्वेचे पूल. नाल्याचं वळण किंवा नदीचा काठ जुळवणीला घेऊ नका. पांझरा, गिरणा, बोरी यांचे काठ पुरांनी सरकलेले आहेत, आणि त्यावर बसवलेला नकाशा पन्नास-शंभर मीटर बाजूला जातो.

जागेवर काय बघायचं

आधी परवानगी. जागा ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाकडून लेखी घ्या, ‘ऐतिहासिक अभ्यासासाठी पाहणी आणि छायाचित्रं’ असा स्पष्ट उल्लेख करून. ड्रोन नेऊ नका. धावपट्टी निर्मनुष्य दिसली तरी ती प्रशिक्षणाच्या किंवा आपत्कालीन वापरात असू शकते, तेव्हा भिंत पडलेली आहे म्हणून आत शिरणं जिवावर बेतू शकतं. वेळ डिसेंबर ते फेब्रुवारीची सकाळ. पावसाळ्यानंतर गवतात घोणस असते, आणि एप्रिल-मेमध्ये दहानंतर डांबरावरून उठणाऱ्या झळांमुळे दुसऱ्या टोकाचा फोटोही नीट येत नाही.

दोन माणसं, ३० मीटरचा फीता, फोनमधलं जीपीएस, होकायंत्र, खडू आणि वही एवढं पुरे. लांबी डांबराच्या टोकापासून टोकापर्यंत मोजा. रंगवलेल्या पट्ट्यांपासून नव्हे, कारण विमान टेकायची खूण आत सरकवलेली असू शकते. रुंदी तीन ठिकाणी घ्या. फोनचं जीपीएस पाच-दहा मीटर इकडेतिकडे दाखवतं, म्हणून गुगल अर्थवरच्या मोजमापाशी ताडून बघा. दोन्हींत वीस मीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा मोजा.

टोकावर रंगवलेला आकडा पुसट दिसला तर तो म्हणजे धावपट्टीची चुंबकीय दिशा, दहाने भागून. ०९ म्हणजे पूर्वेकडे ९० अंश, दुसऱ्या टोकाला २७. खानदेशात चुंबकीय उत्तर आणि खरं उत्तर यांत एका अंशाच्या आतबाहेर फरक आहे, त्यामुळे नकाशावर मोजलेली दिशा थेट वापरता येते. आकडा आणि दिशा जुळली नाही तर बहुधा पट्टी नंतर वळवली किंवा वाढवली गेली आहे. मोठी पांढरी फुली दिसली तर ती अधिकृतपणे बंद केल्याची खूण. टॅक्सी-मार्गावर, म्हणजे विमान धावपट्टीकडे नेण्याच्या रस्त्यावर, ती पिवळी असते. फुली नाही म्हणजे चालू आहे, असा मात्र अर्थ नाही.

वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीचा खांब शोधा. नियमाप्रमाणे नळी किमान ३.६ मीटर लांब, आणि तिच्या जागेभोवती १५ मीटर व्यासाचं पांढरं कडं असतं. खांब चोरीला गेला तरी चुन्याने रंगवलेल्या दगडांचं कडं गवतात सापडतं. त्यावरून उतरायची जागा कुठून दिसत असे ते समजतं.

फुटलेली कड सापडली तर थर मोजा. खणू नका, आपसूक उघडं पडलेलंच बघा. खाली काळी माती, मग मुरूम, दगडाचं सोलिंग, खडी, वर डांबर. डांबराचे दोन वेगळे थर दिसले तर नूतनीकरण झालंय. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसते. म्हणून धावपट्टीच्या कडेला, लांबीच्या दिशेने, सलग भेगा पडतात. त्या भेगांत पाणी, मग गवत, मग वेडी बाभूळ. दुर्लक्षामुळे पट्टी खराब झाली असं सरसकट लिहिण्याआधी मुरमाचा थर किती आहे ते बघा. काही पट्ट्या बांधतानाच कमी पडलेल्या असतात.

का बंद पडली, याचं उत्तर हिशेबातून

‘राजकारणामुळे’ हे उत्तर सगळीकडे मिळतं. ते खरंही असेल, पण त्याआधी एक गणित करा. विमानाला लागणारी लांबी समुद्रसपाटीवर आणि थंड हवेत धरलेली असते. उंचीच्या प्रत्येक ३०० मीटरला ७ टक्के, आणि त्या उंचीच्या प्रमाणित तापमानाच्या वर प्रत्येक अंशाला १ टक्का वाढवायची, अशी आंतरराष्ट्रीय नियोजनाची रीत आहे. आपली जमीन २५० मीटर उंच आणि मेमधलं सरासरी कमाल तापमान ४२ अंश धरा. उंचीसाठी ५.८ टक्के. त्या उंचीवरचं प्रमाणित तापमान १३.४ अंश, फरक २८.६, म्हणजे २८.६ टक्के. एक हजार मीटरचे आधी १०५८ होतात, मग १३६०. चढउतार असेल तर आणखी जास्त. ही दुरुस्ती ३५ टक्क्यांच्या वर गेली की वेगळा अभ्यास करावा असंही ती रीत सांगते, आणि आपण नेमके तिथेच आहोत.

म्हणजे १९७० च्या दशकात पाच-सहा आसनी विमानासाठी केलेली बाराशे मीटरची पट्टी सत्तर आसनी विमानाला पुरणार नव्हती, मग सत्तेवर कुणीही असो. जळगावची धावपट्टी सुमारे १७५० मीटरची आहे, म्हणून तिथे एटीआर जातीची सत्तर आसनी विमानं उतरू शकतात. आपल्या पट्टीपुढे नाला, रेल्वे किंवा महामार्ग आहे का, वाढवायला जागा होती का, हे नकाशावर मोजून लिहा. वाचकाला कारण दिसतं.

कार्यालयांची दप्तरं

बांधकाम विभागाकडे अंदाजपत्रक, निविदा आणि मोजमाप पुस्तक असतं. मोजमाप पुस्तकात कोणत्या तारखेला किती घनमीटर मुरूम, किती खडी पडली ते येतं, आणि बांधकामाची खरी तारीख तीच. अडचण अशी की ‘ब’ वर्गाचे अभिलेख ३० वर्षांनी नष्ट करता येतात. संचिका नष्ट झाल्याचं उत्तर आलं तर तिथे थांबू नका, नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत मागा. यादीत संचिकेचं नाव आणि साल तरी मिळतं.

जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी २००३ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्याआधीचे ठराव ‘नगरपालिका सर्वसाधारण सभा’ या नावाखाली शोधा. नंदुरबारचा कागद १ जुलै १९९८ च्या आधीचा असेल तर तो धुळे जिल्ह्याच्या दप्तरात. आणि महाराष्ट्र होण्याआधीचा असेल तर पश्चिम खानदेश किंवा पूर्व खानदेश या नावाने बांधलेल्या गठ्ठ्यांत, जळगाव-धुळे म्हणून नव्हे.

मंत्री, राज्यपाल, पंतप्रधान विमानाने आले असतील तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या राजशिष्टाचार शाखेत दौऱ्याचा मिनिटनिहाय कार्यक्रम असतो. विमान उतरण्याची वेळ त्यात छापलेली असते. कार्यक्रम ठरला म्हणजे दौरा झाला असं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशीचं वर्तमानपत्र जोडीला घ्या.

माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत लागतो. शुल्क १० रुपये, प्रतींना पानाला २ रुपये. नमुना असा:

‘विषय: मौजे ____, ता. ____ येथील धावपट्टीसाठी झालेले भूसंपादन. कालावधी: १९६५ ते १९८०. हवी असलेली माहिती: (१) भूसंपादन प्रकरण क्रमांक व निवाड्याची प्रत, (२) कलम ४ व ६ च्या अधिसूचनांच्या प्रती, (३) ताबा पावतीची प्रत, (४) सदर जमीन अन्य विभागास हस्तांतरित केल्याच्या आदेशाची प्रत, (५) वरीलपैकी अभिलेख नष्ट केले असल्यास नष्ट अभिलेखांच्या यादीची प्रत. अभिलेखांचे प्रत्यक्ष निरीक्षणही करावयाचे आहे.’

‘धावपट्टी का बंद पडली?’ असा प्रश्न विचारू नका. कायद्यात ‘का’ला उत्तर द्यायची सक्ती नाही, कागद द्यायची आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत त्यांनी तो पुढे पाठवायचा असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या तीस दिवसांत २० रुपयांचा मुद्रांक लावून पहिलं अपील, आणि तिथेही काही झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. सुरक्षेचं कारण दिलं गेलं तर निरीक्षणाची मागणी फक्त महसुली कागदांपुरती मर्यादित करून नवा अर्ज करा. सातबारा आणि निवाडा हे गुप्त कागद नाहीत.

माणसांना विचारताना

साल विचारू नका, ते चुकतं. ओळखीच्या घटनेशी जोडा: बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? सुकडी (दुष्काळात वाटलं जाणारं खाणं) मिळायची तेव्हा पट्टीचं काम चालू होतं का? आणीबाणीत? इंदिरा गांधी गेल्या त्या वर्षी? महिना हवा असेल तर आखाजी, पोळा, कानबाई, सारंगखेड्याची यात्रा यांच्याशी जोडा. दुष्काळी कामावर खडी फोडलेली बाई त्या कामाची मजुरी आणि मुकादम दोन्ही सांगते, आणि तिचं सांगणं मोजमाप पुस्तकातल्या तारखांशी ताडता येतं. अहिराणीत बोलणाऱ्यांशी अहिराणीतच बोला आणि उत्तर तसंच उतरवा. प्रमाण मराठीत आणताना बारकावे गळतात.

तीन गटांतली माणसं वेगवेगळी भेटा: जमीन गेलेली कुटुंबं, बांधकामावर किंवा पहाऱ्यावर असलेली, आणि गंमत म्हणून विमान बघायला गेलेली. एकाच पारावर सगळ्यांना बसवलं तर सर्वांत मोठ्या आवाजाची आठवण सगळ्यांची होते. ‘वायुदूतचं विमान यायचं’ अशी आठवण बऱ्याच छोट्या शहरांत सांगतात. वायुदूत ही सरकारी विमान कंपनी १९८१ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्याआधीची सालं सांगितली गेली तर विमान दुसरं कुणाचं तरी असणार. आपल्या गावाचं नाव त्या कंपनीच्या छापील वेळापत्रकात सापडेपर्यंत तो दावा आठवण म्हणूनच लिहा.

वर्तमानपत्रांसाठी देशदूत, जनशक्ती, आपला महाराष्ट्र, लोकमतची जळगाव आवृत्ती यांच्या फायली जिल्हा ग्रंथालयात आणि कचेऱ्यांत विचारा. आधी कागदावरून तारीख काढा आणि त्या तारखेच्या पुढचे आठ दिवस चाळा. उलट केलं तर महिने जातात. ‘लवकरच विमानसेवा’ या मथळ्यांना पुरावा मानू नका. असे मथळे वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येतात, पहिली फेरी झाल्याची बातमी वेगळी असते.

मांडणी

प्रत्येक नोंदीला पाच रकाने करा: तारीख, काय झालं, कोणत्या कागदावरून, तो कागद कुठे पाहिला, आणि खात्री किती. खात्रीचे तीनच दर्जे पुरतात: कागद आहे, दोन स्वतंत्र आठवणी जुळतात, एकच आठवण आहे. दोन कागद एकमेकांविरुद्ध बोलत असतील तर दोन्ही छापा आणि आपल्याला कोणता का पटतो ते एका ओळीत लिहा. संपादनाची तारीख, बांधकामाची तारीख आणि पहिल्या विमानाची तारीख कधीही एकत्र करू नका.

फोटोंची नावं तारीख, ठिकाण, दिशा अशी द्या, म्हणजे दहा वर्षांनी दुसरा कुणी त्याच जागी उभा राहून तोच फोटो काढू शकेल. कागदांच्या स्कॅन प्रती ३०० डीपीआयवर, पानाच्या मागची बाजूसुद्धा, कारण शेरे मागेच असतात. पूर्ण संच तीन ठिकाणी ठेवा: स्वतःकडे, जिल्हा ग्रंथालयात आणि ज्या गावाची जमीन गेली त्या गावाच्या ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीला देताना सर्व्हे आणि गट क्रमांकांचा जुळवणी तक्ता सगळ्यात वर लावा. गावात तो कागद सगळ्यांत आधी मागितला जातो.